परत जायचं काम

१

पाखरांना मोजता येत नाही. हे मला मृणालिनीने सांगितलं आणि मृणालिनीला तिच्या कॉलेजात कुणीतरी सांगितलं. मी चौथी पास. मला मोजता येतं, एवढंच माझं शिक्षण.

मालाडला तेव्हा स्टेशन मागे टाकलं की दोन आळ्या, मग वाड्या, मग भातखाचरं आणि त्यापुढे खाडी. आम्ही प्रधानांच्या बंगलीत मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. मी आणि आमचे सहदेव. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही; ते गिरणीत जात, मी घरी, आणि घरात मी कमी, प्रधानांच्या ओट्यावर जास्त. मृणालिनी त्यांची एकुलती एक. विशीची पोर, चष्मा, तोंडाने सतत टकळी, आणि डोक्यात पाखरं. दुसऱ्या मुली साड्या बघत, ही आकाशात बघत चालायची आणि शेणात पाय द्यायची.

खाचरांच्या पलीकडे कमळांचं एक तळं होतं. त्यात एक पाखरू राहायचं, कमळपक्षी. पायाची बोटं एवढी लांब की कमळाच्या पानावरून चालतं आणि पान बुडत नाही. ह्यांच्यात म्हणे बाई अंडी घालते आणि निघून जाते. उबवणं, पिल्लं वाढवणं, सगळं बाप्या करतो. हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "गो बाय, मला हे पाखरू आधी दाखव. बाकीची मग."

दाखवलं तिने. आणि पुढची गंमत सांगितली. पिल्लं लहान असताना भीती वाटली की बाप त्यांना पंखाखाली दाबून उचलतो आणि तसाच चालू लागतो. पिल्लं दिसत नाहीत. नुसते त्यांचे पाय खाली लोंबताना दिसतात. पाखरू एक आणि पाय भाराभर. त्याचा फोटो मृणालिनीला हवा होता. मामाने दिलेला कॅमेरा होता, पण त्याने लांबचं काही येत नसे, म्हणून मी तळ्याच्या अगदी काठाला तिला एक खोपटी बांधून दिली. नारळीची झापं विणून, पुढे बघायला एक फट ठेवून.

आता खरी युक्ती. माणूस खोपटीत शिरलेला पाखरं बघतात. तो बाहेर पडेपर्यंत जवळ फिरकत नाहीत. म्हणून दोघींनी शिरायचं आणि एकीने निघून यायचं, वाजतगाजत, पाखरांना दिसेल आणि ऐकू येईल असं. त्यांना वाटतं, गेली माणसं. मग उतरतात. आत जी बसलेली असते तिचं फावतं.

आत बसायचं काम मृणालिनीचं. परत जायचं काम माझं. ती म्हणायची, "मावशी, ह्या कामाला तुमच्यासारखं माणूस अख्ख्या मालाडात नाही." खरं होतं ते. पाऊल जड, गळा मोठा, हातात कोपरापर्यंत बांगड्या. मी बांधावरून जायची ती ओरडत जायची. "चला गं चला, इथं काही नाही. पाय उचला. जेवायची वेळ झाली. मागे वळून बघू नका."

रोज हेच. आरतीसारखं पाठ झालं होतं. मृणालिनी घरी त्याची नक्कल करायची, पदर खोचून, माझ्यासारखी डुलत, माझ्याच आवाजात. तिची आई वसुधावहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या.

पण त्या तळ्यापायी वहिनींच्या जिवाला घोर होता. पोर एकटी तिथे बसणार, रान, पाणी, खाडीची माणसं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला देवासमोर उभी केली आणि म्हणाल्या, "सुगंधाबाई, जबाबदारी तुमची." मी म्हटलं, "वहिनी, जशी नेते तशी परत आणीन. केसाला धक्का लागला तर माझं तोंड बघू नका." म्हणून आमचा एक कायदा होता. मी आणायला येईपर्यंत पोरीने खोपटीतून बाहेर पाऊल टाकायचं नाही. मी नेणार, मीच आणणार.

२

गौरी गेल्या होत्या. कॉलेजला सुट्टी होती आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. खाचरं पोपटी, आभाळ धुतलेलं. अशा सकाळी भूक फार लागते. मी बांधावर जाता जाताच शिदोरीतली अर्धी भाकरी संपवली.

"मावशी, ती माझी होती," मृणालिनी म्हणाली.

"तुझी दुसरी आहे. ही पाखरांची होती. त्यांच्या वाटची मी खाल्ली."

खोपटीत शिरलो. मी तिला बसवली, तांब्या जवळ ठेवला, झापांत कुठे साप-विंचू नाही ना हे काठीने ठोकून बघितलं. ती कॅमेऱ्याला डोळा लावून बसली. बसली की तिचं तोंड बंद व्हायचं. चोवीस तासांत तिचं तोंड बंद व्हायचं ते तेवढंच, म्हणून मला ती पाखरं आवडायची.

"जाते गो," मी म्हटलं.

तिने नुसता हात हलवला.

मी निघाले. बांगड्या वाजवल्या, पाय आपटले, गळा काढला. चला गं चला, इथं काही नाही. बांधाच्या वळणावर एक करंज होता. तिथवर ओरडत जायचं आणि मग गप्प व्हायचं, असं ठरलेलं. मी करंजाखाली गप्प झाले, पदराने मान पुसली, आणि मागून आवाज आला.

"चला गं चला."

वळून बघितलं तर मृणालिनी. बांधावरून माझ्याच मागून येत होती. हात मोकळे, कॅमेरा नाही.

"काय गो, काय झालं? बाहेर का पडलीस?"

"इथं काही नाही," ती म्हणाली. माझ्याच सुरात.

मला हसू फुटलं. एवढं चालून यायचं, बसायचं, आणि कंटाळा आला की माझीच नक्कल करत परत फिरायचं. आजकालच्या मुलींचं हे असं. "आणि मला गं म्हणतेस? तुझ्या आईच्या वयाची आहे मी. कॅमेरा कुठाय?"

ती माझ्या बाजूने पुढे निघाली. तिला खरंच बरं नसेल, असं मला वाटलं. मुलींना महिन्याचे काही दिवस असतात, मामाच्या कॅमेऱ्यापेक्षा ते मोठे. मी विचारलं नाही. कॅमेरा खोपटीत सुरक्षित होता, तिथे कोण येतंय.

३

वाट अरुंद. ती पुढे, मी मागे.

खाचरात बगळे होते. पांढरे, मान आखडून उभे. बगळा म्हणजे वाकडा जीव. माणूस नुसता दिसला की उठतो. मृणालिनी त्यांच्याजवळून गेली. इतक्या जवळून की तिच्या साडीचा काठ एकाच्या पाठीला लागला. तो उभाच. मान आखडलेली, डोळा चिखलात.

मी आले तसे सगळे भर्रकन उडाले.

मी स्वतःला म्हटलं, सुगंधा, तू म्हणजे बैलगाडी. पोर बारीक, पाऊल हलकं, पाखरांची तिला सवय. तुला बघून सहदेव दचकतात, तिथे बगळ्यांचं काय.

पुढे टिटवी. टिटवी ही आमच्या गावच्या भांडखोर जावेसारखी. कुणी कोसभर लांब असलं तरी ओरडायला सुरुवात. ती वाटेतच बसली होती, अगदी वाटेच्या मधोमध. मृणालिनी तिच्यावरून ओलांडून गेली. खरंच ओलांडून, एक पाय उचलला, पलीकडे ठेवला. टिटवीने मान सुद्धा वर केली नाही.

मग टिटवीला मी दिसले. अख्खी खाडी जागी होईल असं तिने बोंबलून घेतलं.

"अगं, बघितलंस का?" मी मागून म्हटलं. "तुला काय मंत्र मिळाला? असं असेल तर खोपटी कशाला, उघड्यावर बसून फोटो काढ की."

रोजची मृणालिनी असती तर तिथेच बसली असती. टिटवी इतक्या जवळ. तिचं नाव, तिचं गाव, तिची अंडी, सगळं मला घरापर्यंत ऐकावं लागलं असतं. आज ती नुसती चालत होती. पाय एकासारखा एक पडत होता.

मला काय वाटलं कोण जाणे, मी थांबले आणि तळ्याकडे वळून बघणार होते.

"मागे वळून बघू नका," ती पुढूनच म्हणाली. तिची पाठ माझ्याकडे होती.

"बाई गं, पुरे झाली नक्कल," मी म्हटलं. पण बघितलं नाही.

४

घरी वसुधावहिनी वालाच्या शेंगा सोलत होत्या. "आज लवकर?"

"जेवायची वेळ झाली," मृणालिनी म्हणाली.

वहिनी हसल्या. "बाईंना घरीसुद्धा सोडत नाही ही." मला म्हणाल्या, "रागावू नका हो."

मी कुठली रागावते. मी ओट्यावर टेकले. मृणालिनी स्वयंपाकघरात गेली, आईने सांगितलं तशी पाटावर बसली, आईने शेंगांचं ताट पुढे ओढलं तशी सोलू लागली. वहिनींचा चेहरा असा खुलला. ही पोर कधी शेंगेला हात लावत नसे. आत्तापर्यंत दहा वेळा उठून खिडकीतून काहीतरी बघून आली असती.

त्या खिडकीवर कावळ्याचा घास ठेवायचे प्रधानांकडे. रोज भात झाला की पहिला घास बाहेरच्या कट्ट्यावर. त्यांचा कावळा ठरलेला होता, एका पंखात पांढरं पीस असलेला. पक्का संशयी. घास ठेवून तुम्ही चुलीपाशी परत येईपर्यंत तो शेवग्यावरून हलायचा नाही. तुम्ही पाठ केलीत की मग येऊन टोच मारायचा, आणि तुम्ही नुसती मान वळवली तरी परत शेवग्यावर.

वहिनींनी घास ठेवला. वळल्या. मृणालिनी उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हात कट्ट्यावर ठेवून.

कावळा आला. तिच्या हातांच्या मधोमध बसला आणि भात खाऊ लागला.

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या, "बघा हो सुगंधाबाई. माझ्या लेकीला कावळासुद्धा माणसाळला. किती प्रेम आहे बघा हिचं मुक्या जिवांवर."

मी ओट्यावरून उठले आणि दाराशी गेले. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं.

कावळा उडाला.

मी पाऊल मागे घेतलं. तो परत आला, तिच्या हातांमध्ये.

मी माझ्या खोलीत आले. चहा ठेवला. स्टोव्ह पेटला, पाणी उकळलं, आणि मी पत्ती टाकायची विसरून नुसतं उकळतं पाणी बघत बसले. माझं डोकं साधं आहे. मला भुताखेतांची भीती नाही. आमच्या गावी प्रत्येक वडाला एक आणि प्रत्येक आडाला दोन, त्यांच्यात मी वाढले. ती भुतं ओरडतात, पिंगा घालतात, कोंबडा मागतात. त्यांची मागणी कळते तरी.

मी सकाळपासून मृणालिनी काय काय बोलली ते आठवायला लागले. चला गं चला. इथं काही नाही. मागे वळून बघू नका. जेवायची वेळ झाली.

सगळं माझं होतं. ती खोपटीत बसल्यावर त्या तळ्यावर मोठ्याने बोललेलं दुसरं काहीच नव्हतं. कुणी तिथे नुसतं कान लावून बसलं असतं, महिना दीड महिना, तर त्याला एवढंच मराठी आलं असतं.

मी स्टोव्ह विझवला. म्हटलं, सुगंधा, तुला उन्हाने घेरी आलीय. पोर बरी नाही म्हणून गप्प आहे. कावळा भुकेला आहे म्हणून धीट झालाय. जा, कॅमेरा घेऊन ये, खोपटी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघ आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घे. आणि रिकामी नसेल तर? नसेल तर एक पोर तिथे कायदा पाळून बसली आहे. मी आणायला येईपर्यंत ती बाहेर पडणार नाही. आणि तिच्या पाटावर दुसरी कुणी जेवायला बसली आहे.

"वहिनी, कॅमेरा आणते," मी ओट्यावरून ओरडले.

"अहो पडू दे. ऊन बघा केवढं."

मृणालिनीने आतून माझ्याकडे बघितलं. बांधावरून आल्यापासून पहिल्यांदाच थेट. चेहरा तिचाच. चष्मा, कपाळावरचा देवीचा व्रण, सगळं जिथल्या तिथे. माझ्याकडे बघत होती की माझ्यावरून मागचं काही बघत होती हे मात्र मला सांगता येणार नाही.

"पाय उचला," ती म्हणाली.

मी उचलले.

५

आयुष्यात एवढी भराभर मी कधी चालले नव्हते, आणि एवढी गुपचूपही. बांगड्या पदरात धरल्या होत्या.

करंजाखालून तळं दिसलं. पाखरं पाण्यावर निर्धास्त. पाणकोंबड्या, बगळे, खंड्या. खोपटी जशी सोडली तशी. आत कुणी असेल तरी पाखरं अशीच बसणार आणि नसेल तरी अशीच. त्यासाठीच तर आम्ही ती बांधली होती. मला माझ्याच युक्तीचा इतका राग आला की दोन शिव्या मी मालवणीत हासडल्या, त्या इथे लिहीत नाही.

जवळ गेले तशी पाखरं उडाली. खोपटीचं झाप माझ्यासमोर. आतून काही आवाज नाही. हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. रिकामी निघाली तर मी वेडी, आणि मला वेडी व्हायचं होतं. आजवर कुठली वस्तू रिकामी निघावी म्हणून मी एवढा नवस केला नव्हता.

झाप उचललं.

आत मृणालिनी बसली होती. मांडीवर कॅमेरा, ओठांवर बोट. मग मला बघून तिने बोट काढलं आणि टकळी सुरू झाली.

"मावशी, अहो एवढ्या लवकर का? पण जाऊ दे, मिळाला. मिळाला मला. सगळी पिल्लं पंखाखाली, नुसते पाय, आणि तो असा चालत गेला ना समोरून, इथून, अगदी इथून. माझी भाकरी कुठाय? तुम्ही खाल्लीत ना?"

मी मट्कन खाली बसले. "तू बाहेर पडली होतीस?"

"मी? कायदा आहे ना आपला."

"मी गेले तेव्हा तुला काय दिसलं? नीट सांग."

"तुम्ही दिसलात. आज काय नाटक रंगलं होतं तुमचं. करंजाखाली थांबलात काय, मागे वळून बोललात काय, हसलात काय. मला वाटलं, आज मावशी पाखरांसाठी खास मेहनत घेतायत."

"एकटीच होते मी?"

"मग आणखी कोण?"

मी तिचा दंड धरला आणि जोरात चिमटा काढला. ती किंचाळली. चष्मा नाकावरून खाली आला. "मावशी, डोकं फिरलंय का तुमचं?"

"ऊठ," मी म्हटलं. "आणि बोलत राहा. थांबू नकोस. घर येईपर्यंत काहीही बोल."

तिला कुणी हे आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होतं. ती सुटली. आणि आम्ही बांधावरून निघालो, ती पुढे, मी मागे, माझा डोळा खाचरावर. बगळे दिसले. तेच, मान आखडलेले. 

ती दहा हातांवर असतानाच ते उडाले. सगळे. भराभरा. पांढरं आभाळ झालं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते. पुढे टिटवी. तिने मृणालिनीला बघून असा काही कालवा केला की मी तिथल्या तिथे तिच्या सगळ्या कुळाला आशीर्वाद दिला. एवढे दिवस आम्ही पाखरं उडू नयेत म्हणून धडपडलो होतो. आज पाखरू उडालं की मी टाळी वाजवत होते. मुनियांचा थवा उठला, टाळी. खंड्या खांबावरून सुटला, टाळी.

"मावशी, तुम्ही त्यांना हाकलताय," मृणालिनी म्हणाली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "काय झालंय?"

मी सांगितलं. तिने एकदा हसून बघितलं. मग घर दिसेपर्यंत तिचं तोंड बंदच राहिलं.

६

वसुधावहिनी ओट्यावर होत्या. फाटकातून आम्ही आत आलो तशा त्या म्हणाल्या, "मिळाला का कॅमे..." आणि त्यांची नजर मृणालिनीवर गेली. सुपातले वाल ओट्यावर सांडले.

मी पुढे होऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. घरातून आवाज येत होता. न्हाणीघरात पाणी पडण्याचा. तांब्या बादलीला लागायचा, पाणी पडायचं, परत तांब्या.

"न्हायला गेलीय," वहिनी माझ्या हाताखालून पुटपुटल्या. "मीच पाणी काढून दिलं. मीच."

दाराला आतून कडी होती. मी कान लावला. पाणी पडत होतं, पण मोरीतून एक थेंब बाहेर वाहत नव्हता.

बाप्यामाणूस घरात एक नाही, प्रधान कचेरीत, सहदेव गिरणीत. बोलावून करायचं काय म्हणा. ह्यांनी दार वाजवून 'कोण आहे' विचारलं असतं आणि उत्तराची वाट बघत बसले असते. मी मृणालिनीला जवळ ओढलं.

"पाखरांना मोजता येत नाही, तूच म्हणालीस ना? आतल्या हिला येतं का ते बघू. तू आणि वहिनी निघा. माझ्या आवाजात जा. माझी नक्कल कर, जशी ओट्यावर करतेस तशी. फाटकापर्यंत ओरडत जायचं. मी आत बसते."

"मावशी, तुम्ही नको."

"आत बसायचं काम आज माझं."

पोर शहाणी. आईचा हात धरला, माझ्या हातातल्या बांगड्या उतरवून स्वतःच्या हातात चढवल्या, आणि निघाली. पाय आपटत. चला गं चला, इथं काही नाही. आवाज थरथरत होता, पण माझाच होता. वहिनींनी जन्मात कधी गळा काढला नव्हता, त्यासुद्धा मागून ओरडल्या, "जेवायची वेळ झाली," आणि रडल्या. मी स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीच्या दारामागे शिरले. त्या दाराच्या फळ्यांत एक फट आहे. तिला डोळा लावला.

फाटक वाजलं. घर गप्प झालं.

तांब्या थांबला.

कावळा कट्ट्यावर येऊन बसला. घास कधीच संपला होता, तरी बसून होता.

कडी निघाली. न्हाणीघराचं दार माझ्या फटीतून दिसत नाही, फक्त मधली जागा आणि मागचं दार दिसतं. पावलं आली. जड पावलं. मृणालिनीची नव्हती. ती माझ्या फटीसमोरून गेली, पाठमोरी, आणि मला दिसलं ते हिरवं लुगडं, पदराजवळ मी स्वतः घातलेलं ठिगळ, खोचलेला पदर, डुलती चाल. माझी पाठ इतकी रुंद आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर काम फसलं असतं.

ती मागच्या दाराशी थांबली. लुगडं जरा उचललं, उंबरा ओलांडायला उचलतात तसं. काठाखाली पाय दिसले.

दोन चालत होते. बाकीचे लोंबत होते.

"चला गं चला," ती म्हणाली, माझ्या आवाजात, लाडाने, लेकरांना म्हणतात तसं. "इथं काही नाही."

आणि उंबरा ओलांडून उन्हात गेली. कावळ्याच्या अंगावरून तिची सावली गेली. तो हलला नाही.

७

बऱ्याच वेळाने मी कोठीतून बाहेर आले. भूक लागली होती. भीतीने माझी भूक जात नाही, वाढते.

वहिनी आणि मृणालिनी पुढच्या दारातून आल्या आणि मला बघून तिथेच थबकल्या.

"तुम्ही तर आत्ता शेतातून गेलात," वहिनी म्हणाल्या. "आम्ही बघितलं. तळ्याच्या वाटेने."

"ती मी नव्हे. मी ही."

"ती पण हेच म्हणेल," मृणालिनी म्हणाली.

"तिला चार वाक्यं येतात फक्त."

"दुपारपर्यंत आमच्या घरात होती. आणखी शिकली असेल."

शिकलेल्या मुलीचं हे असं. मी म्हटलं, "बरं. कावळा आहे ना तिथे? बघा मग." आणि तरातरा खिडकीकडे गेले.

आता इथे आमचं जमत नाही. कावळा उडाला, ह्यावर तिघींचं एकमत आहे. मी म्हणते, मला बघून उडाला. वसुधावहिनी म्हणतात, तुम्ही आधी हाड् म्हटलंत आणि मग उडाला. मृणालिनी म्हणते, हाड् म्हटलंत, हातही उगारलात, आणि तरी त्याने जरा विचार केला. ह्यावर आम्ही अजून भांडतो, आणि भांडून चहा पितो.

फोटो छान आला. प्रधानांच्या दिवाणखान्यात लावलाय. कमळाच्या पानावर तो बाप आणि पंखाखालून पाय. पाहुणे कौतुक करतात, पाय मोजायला लागतात. मी म्हणते, मोजू नका, आणि फोटोकडे पाठ करून बसते. खोपटी मी स्वतःच्या हाताने मोडली. तळ्यावर अजून जातो, पण तिघी जातो, उघड्यावर बसतो आणि तिघी परत येतो. करंजाखाली मी एकदा मोजते, फाटकात एकदा. वाटेत बोलायचं काम मृणालिनीचं.

सकाळी मी दारात मूठभर कण्या टाकते. चिमण्या जमतात, अंगण भरून जातं. मग मी पाऊल बाहेर टाकते. भर्रकन सगळ्या उडतात, आणि मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू. मग निवांत चहाला बसते.

काल एक उडाली नाही. माझ्या पायाशी टिपत राहिली. बहिरी असेल.

आज दोन होत्या.